शेंगाच्या बिछान्याचं गवत

सोलापूर,
मार्गशीर्षातला रविवार, कोवळ्या उन्हात बसून

ती. निंगव्वा अक्का हिच्या चरणी धाकट्या बसलिंगप्पाचा शरणार्थ.

(समोर येऊन वाकलो असतो तर आशीर्वादाच्या आधी तू माझ्या केसांतली गवताची काडी उपटली असतीस आणि ‘हे काय रे तम्मा?’ म्हणून विचारलं असतंस. हे पत्र म्हणजे त्या काडीचाच खुलासा आहे, तेव्हा चष्मा पूस आणि निवांत बस.) तुझा डावा गुडघा कसा आहे? भावजी रक्तदाबाची गोळी गिळतात का, की अजून बंडीच्या खिशात साठवतात? नवी म्हैस माणसाळली का? इकडे आम्ही खुशाल आहोत. पार्वतम्माची पाठ बरी आहे, आणि माझं बरं असणं तिच्या पाठीवर अवलंबून असल्यामुळे मीही बरा आहे. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अक्का, फोनवर तू ‘हं, बोल’ म्हणतेस आणि मग स्वतःच बोलतेस. मागच्या खेपेला मी ‘अक्का, मला जरा’ एवढंच म्हणालो, तेवढ्यात तू तुमच्या गल्लीतलं लग्न, त्या लग्नातलं भांडण आणि त्या भांडणातलं जेवण सांगून फोन ठेवलास. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. या वयात मला सुचलेली ही एकुलती एक युक्ती आहे.

तर आमच्या घरात सध्या दोन हॅमस्टर आहेत. शब्द वाचून घाबरू नकोस, तो आजार नाही. उंदराहून गुबगुबीत, घुशीहून गरीब असं ते जनावर असतं. शेपूट इतकं आखूड, की देवानं करायला घेतलं आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून तसंच सोडून दिलं असावं. डोळे काळ्या मिऱ्यांसारखे. गालांच्या आत दोन्हीकडे पिशव्या. मिळेल तो दाणा त्यात कोंबायचा आणि घरात नेऊन लपवायचा. (गालात पान ठेवून तू बोलतेस तेव्हा अगदी तशीच दिसतेस, हे ऋतुजाचं म्हणणं. मी तिला रागावलो. हसून झाल्यावर रागावलो.) पुण्याला तिनं खोली बदलली, नव्या ठिकाणी जनावर चालत नाही, म्हणून दिवाळीला येताना आमची लेक फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर हे दोघे घेऊन आली. एक तपकिरी, त्याचं नाव शेंगा. दुसरा पांढरा, तो दह्या. दुकानदारानं तिला सांगितलं होतं, एकटा ठेवला तर उदास होईल, जोडीच न्या. जोडीनं पहिल्याच आठवड्यात एकमेकांचे कान फोडले. तेव्हापासून दोघांचे पिंजरे वेगळे, चाकं वेगळी, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, आणि दोघेही इतके सुखात आहेत की एकमेकांची साधी चौकशीसुद्धा करत नाहीत.

पार्वतम्मानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की ती या उंदरांना हात लावणार नाही. त्यामुळे ते माझ्याकडे आले. ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झाल्यापासून मी काय करतो हे मलाही नीट सांगता येत नाही. उजाडतं आणि मावळतं, मध्ये मी असतो. मी शेंगाचं चित्र काढायला बसलो. दर वेळी बटाटा आला. पण बटाटा काढता काढता संध्याकाळ कशी व्हायची कळायचं नाही. दिवे लागायच्या सुमाराला शेंगा उठायचा, पुढच्या दोन हातांनी तोंड धुवायचा, आणि मग पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कागदाच्या कपट्यांचं अंथरूण रचायचा, मोडायचा, पुन्हा रचायचा. ऋतुजाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, त्याला कागद आवडत नाहीये. त्याला गवत हवंय. सुकं, मऊ. त्यात तो घर करतो, बोगदे करतो, कुरतडतो. मी मागवते.”

आणि कुरियरनं गवत आलं. अक्का, विचार कर. आपण कडब्याच्या गंज्यांत वाढलेली माणसं, आणि सोलापुरात माझ्या दारात एक पोरगा हेल्मेट घालून गवताचं पाकीट घेऊन उभा! भावजींना सांगू नकोस, ते माझ्याशी बोलणं टाकतील. पाकीट फोडलं तर आतून जुन्या कपाटासारखा वास आला. शेंगानं हुंगलं, शिंकला आणि पाठ फिरवून बसला. ज्वारीच्या मुलखात कुरियरनं असलं गवत यावं, हा मला माझ्या जिल्ह्याचा अपमान वाटला. लगेच स्कूटर काढली, कडब्याच्या बाजारात गेलो आणि एक पेंढी पुढ्यात आडवी घेऊन परत आलो. वाटेत दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला भरपूर जागा दिली. आमच्या इमारतीचा वॉचमन सिदू आहे, मोहोळकडचा. त्यानं लिफ्टचं दार धरलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “मास्तर, म्हस कुटं बांधनार? गच्चीवर न्यायची झाली तर लिफ्टात मावायची न्हाय की.” पार्वतम्मानं दार उघडलं, पेंढीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

कडबा जाड निघाला. शेंगानं त्याचं घर केलं नाही. नुसताच दात लावून करकर करकर करत बसला, जणू घरात सुतार बसलाय. तेव्हा ठरवलं, गवत आपणच आणायचं. आमच्या पाठीमागे जुळे सोलापूरच्या शेवटाला अजून बरेच मोकळे प्लॉट आहेत. पावसाळ्यात तिथं जे उगवतं ते आता पिवळं पडून उभं आहे. कुणी फवारत नाही, कुणी कापत नाही. सकाळी पिशवी आणि विळा घेऊन मी तिकडे जायला लागलो. अक्का, तुला खरं सांगतो, मी गवत कापायला जायचो आणि बराच वेळ नुसता उभाच राहायचो. वारा आला की ते सगळं पिवळं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. त्यात मध्ये मध्ये मारवेलीचे तुरे, जांभळट. दहिवर उन्हात आलं की प्रत्येक पात्याच्या टोकाला क्षणभर काहीतरी पेटायचं आणि विझायचं. जन्मभर पोरांना मी हिरवा रंग शिकवला, पण त्याच्या आत एवढे पिवळे असतात हे कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. परत येईपर्यंत पार्वतम्माचं अर्धं घरकाम उरकलेलं असायचं आणि माझ्या पिशवीत मूठभर गवत असायचं.

ते मी गच्चीवर जुन्या सोलापुरी चादरीवर पसरायचो. आणि मग तो वास यायला लागायचा. तुला माहीत आहे तो. दुपारी चटका वाढला की गवत सुकता सुकता गोड होतं, गरम भाकरीवर कुणीतरी दूध शिंपडल्यासारखं. मी राखण म्हणून बसायचो. (कुणापासून राखण, ते विचारू नकोस, पार्वतम्मानं विचारलं तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं.) बसलो की डोळे मिटायचे. मग ती गच्ची राहायची नाही. आपली खळ्याजवळची गंजी, तिच्या पोटात आपण केलेली खोप, तू आणि मी उताणे पडलेले. ढग निघाले की तू म्हणायचीस, हे अक्कलकोटला चाललेत, हे दुधनीला, आणि तो मागे राहिलेला लंगडा ढग आपल्याकडे मुक्कामाला आहे. अव्वा हाका मारायची आणि आपण ओ द्यायचो नाही. मी झोपेतसुद्धा ओ देत नव्हतो, आणि पार्वतम्मा गच्चीच्या दारात उभी राहून खरोखरच हाका मारत होती, कारण वारा सुटला होता आणि माझं गवत निघालं होतं.

ते कुठे गेलं ते लगेच कळलं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला खालच्या मजल्यावरच्या कमरबी भाभींनी पापड वाळत घातले होते. प्रत्येक पापडात गवत असं रुतलं होतं, की जणू मुद्दाम नक्षी काढलीय. त्या वर आल्या त्या हातात एक पापड धरूनच आल्या. मी चपला शोधत होतो. पळायचा विचार होता हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, “मास्तर, ये क्या है? पापड है के गोठा है?” आणि पुढचं बोलण्यासाठी त्यांनी श्वास घेतला. तो श्वास जरा खोल गेला असावा. त्या थांबल्या. चादरीवर उरलेल्या गवतातली एक मूठ उचलली, नाकाजवळ नेली आणि तिथंच बसल्या. मग म्हणाल्या, “हमारे अब्बा के टांगे में ऐच बास आता था.” त्यांचे वडील टांगा चालवायचे. शाळेतून परत येताना त्या पाठीमागे घोड्याच्या गवतावर झोपायच्या आणि घर आलं की वडील त्यांना गवतासकट उचलून उतरवायचे. एवढंच सांगितलं. पापडाचा विषय निघाला तो नंतर आमच्या ताटातच निघाला. नक्षीवाले सगळे आमच्याकडे पाठवले त्यांनी, तळून. मला ते आवडले. पार्वतम्मा म्हणाली, त्यात आवडण्यासारखं काय आहे, आणि तीन खाल्ले.

पहिल्यांदा ते गवत पिंजऱ्यात घातलं ती संध्याकाळ तू बघायला हवी होतीस. शेंगा आधी थबकला. मग नाक खुपसलं. मग एक काडी तोंडात आडवी धरून कोपऱ्यात गेला, ठेवली, परत आला, दुसरी नेली. काही काड्या हातांनी दुमडून गालात भरल्या, तिकडे जाऊन बाहेर काढल्या. हळूहळू सुगरणीच्या खोप्यासारखं गोल काहीतरी झालं. शेवटी तो स्वतः आत शिरला, आतून एक काडी ओढून दार लावून घेतलं, आणि गवत श्वास घेतल्यासारखं वर-खाली व्हायला लागलं. दह्यानं आपल्या गवतात सरळ बोगदा खणला आणि एका तोंडातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर येऊन माझ्याकडे असं बघितलं, की मी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून शेवटचं ऊन त्या दोन्ही पिंजऱ्यांवर पडलं होतं. मला इतकं शांत वाटलं, की मी दिवा लावायचा विसरलो.

आता वाईट सांगतो. या स्वप्नाळूपणात मी एक दिवस कुठल्या प्लॉटातलं गवत कापलं याकडे लक्ष दिलं नाही. त्यात कुसळी होती. बैलाच्या तोंडातसुद्धा जी घालताना भावजी बघून घालतात, ती मी मुठीएवढ्या जिवाच्या अंथरुणात घातली. दुसऱ्या दिवशी शेंगा उठला नाही. दुपारी गवत बाजूला केलं तर उजवा गाल सुपारीएवढा सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, आणि समोर ठेवलेली काकडी तशीच. त्यानं गालात गवत भरलं होतं आणि कुसळ आतच रुतलं होतं. ऋतुजाला काय सांगू? ती रोज फोन करून आधी त्याचं विचारते, मग आमचं. मी पिंजरा उचलला आणि जिन्यानंच उतरायला लागलो. लिफ्ट आहे हे खाली पोचल्यावर आठवलं. मागे बघतो तर पार्वतम्मा पर्स घेऊन येत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक शेळी होती आणि एक खोंड. बाकावर पिंजरा ठेवला तर खोंडानं वाकून आत बघितलं आणि उसासा टाकला. एका वयस्क कंपाउंडरनं विचारलं, “काय आनलंय? ससा हाय व्हय?”

“हॅमस्टर,” मी म्हणालो.

“गाभन हाय का?”

“नर आहे तो.”

“मग न्हाय,” असं म्हणून त्यानं आम्हाला आत सोडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. खांद्यापर्यंतचा हातमोजा नुकताच उतरवत होत्या. कुठल्या तरी गाईच्या पोटातून हात बाहेर काढून त्या थेट शेंगापाशी आल्या. त्यांनी मान हलवून स्पष्टच सांगितलं, की असला पेशंट त्यांनी पुस्तकातच पाहिलाय, पण गाल म्हणजे गाल, बघू या. कुणीतरी त्याला धरायला हवं होतं. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या हातात मोबाइलचा उजेड दिला. आणि पार्वतम्मानं, हात न लावणाऱ्या पार्वतम्मानं, पदराचं टोक तळहातावर घेतलं आणि शेंगाला त्यात उचलून घेतलं. अंगठ्यानं त्याची मान अशी अलगद धरली, जशी ऋतुजाला पहिल्यांदा अंघोळ घालताना धरली होती. “भिऊ नको रे. होतंय, होतंय,” असं ती त्याला सांगत होती. मला नव्हे, त्याला. मी उजेड पाडत होतो, पण माझे डोळे भरून आले होते. बाई म्हणाल्या, “काका, उजेड त्याच्या तोंडात पाडा. छतावर काही नाहीये.”

चिमट्यानं ते कुसळ निघालं. एवढंसं, पापणीच्या केसासारखं. बाईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, गवत द्या, चांगलंच आहे, पण मऊ आणि निवडून. औषधाचे थेंब दिले. रिक्षात पार्वतम्मा शेंगाला पदरातच घेऊन बसली. तो तिथंच झोपला. स्टेशनच्या रस्त्याला गर्दी होती, ऊन उतरत होतं, आणि ती मध्येच म्हणाली, “याचं काळीज किती पळतंय हो.” मी म्हणालो, माझंही. ती म्हणाली, “तुमचं नेहमीचंच आहे.”

शेंगा वाचला, अक्का. सूज उतरली, दोन दिवस पार्वतम्मानं त्याला भिजवलेल्या ज्वारीची पेज बोटावरून चाटवली, तिसऱ्या दिवशी त्यानं बोट सोडून सरळ काकडीवर झडप घातली. आता गवताचं खातं तिच्याकडे आहे. दुपारी गच्चीवर ती आणि कमरबी भाभी सूप घेऊन बसतात आणि मेथी निवडावी तसं गवत निवडतात. काडी काडी उन्हात धरून बघतात. एक जण मराठीतून बोलते, दुसरी दखनीतून, आणि मध्येच दोघी गप्प होतात आणि नुसतीच बोटं चालतात. मी भिंतीला टेकून बसतो. तो वास येतो. खाली कुठेतरी यंत्रमागाचा खटखट आवाज लांबून येत असतो, तो हळूहळू पावसासारखा वाटायला लागतो, आणि मग मला काही ऐकू येत नाही. केसांत काडी अडकते ती अशी.

तेव्हा एक काम कर. तुमच्या ओढ्याकाठच्या बांधावर मारवेल असेल, कुसळीचा तुरा नसलेली. भावजींना सांगून थोडी कापून सावलीत वाळव आणि अक्कलकोट-सोलापूर एसटीनं कुणी येणार असेल त्याच्याबरोबर एक पोतं पाठव. कंडक्टरनं विचारलं तर अंथरुणाचं सामान आहे असं सांगावं; ते खोटं नाही. भावजींना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद, म्हशीला जे काही सांगतात ते. गुडघ्याला तेल लाव.

तुझाच धाकटा,
बसलिंगप्पा

ता. क. : पोतं नको. आत्ताच ऋतुजाचा फोन झाला. ती म्हणते, हे प्राणी मुळात दाणे खाणारे. गवत मुख्यतः बिछान्याला आणि कुरतडायला. एक पिशवी पुष्कळ झाली. मी आणलंय तेच पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल असं तिचं म्हणणं पडलं. तरी थोडं पाठव.

ता. क. आणखी एक : लिहायचं राहून गेलं. तुझ्या नणंदेच्या मुलाचं, दुधनीच्या त्या स्थळाचं. मुलगा सोन्यासारखा आहे, माणसं चांगली आहेत, तू किती मनापासून जमवत आणलंस ते मी जाणतो. पण ऋतुजा नको म्हणते. हल्लीच्या पोरींपुढे आईबापांचं काय चालतं, तूच सांग. मी तिला पुष्कळ समजावलं. तर त्यांना तू तुझ्या शब्दांत कळवशील का? माझ्याच्यानं होणार नाही. हे मी फोनवर सांगणार होतो.

अक्का, शरणार्थ. मी पार्वतम्मा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यांनी शेवटी लिहिलंय ते खरं नाही. ऋतुजा नको म्हणाली नव्हती. “बाबा, तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाली होती, आणि तिचा आवाज चिरकत होता. हेच म्हणाले, “मग मी नाही म्हणतो.” फोन स्पीकरवर होता, मी भाकरी थापत होते, तव्यावरची करपली. लग्न झाल्यापासून यांनी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, पाणी घालून दूध देणाऱ्यालासुद्धा नाही. आणि पहिलं नाही म्हणाले ते तुमच्या शब्दाला. एकदा तुम्हाला सांगायला गेले, जमलं नाही; तेव्हापासून तुमचा फोन वाजला की हे न्हाणीघरात जातात. तुम्ही रागावणार, आणि तुमचा हक्कच आहे. पण हे कुणासाठी म्हणाले ते बघा. रविवारी सकाळी फोन करा. मी घेते आणि सगळं ऐकून घेते. यांना तेवढ्या वेळात मी भाजी आणायला पाठवीन.